रहिमतबीची नामं

लोक विचारतात, "सर, बाईंची वाचा गेली होती म्हणे?" मी प्रत्येकाला थांबवून सांगतो, की वाचा गेली नव्हती. रहिमतबीची वाचा जाणं हे एवढं सोपं काम नाही. गेली होती ती नामं. व्याकरणातली नामं.

मी इमाम शिकलगार. आष्ट्याच्या एका हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त झालो तरी घराच्या पुढच्या खोलीत शिकवणी चालूच राहिली, कारण मी निवृत्त झालो म्हणून आष्ट्यातली इंग्रजीची भीती काही निवृत्त झाली नाही. आठवीची मुलं येतात, सतरंजीवर बसतात आणि मी फळ्यावर शब्दांच्या आठ जाती लिहितो. नाऊन, प्रोनाऊन, अ‍ॅडजेक्टिव्ह, व्हर्ब, अ‍ॅडव्हर्ब, प्रिपोझिशन, कंजंक्शन, इंटरजेक्शन. दरवर्षी एखादं पोरगं विचारतंच, "सर, आठच? आमच्या गल्लीत जास्त हायत." मीही दरवर्षी हसतो आणि त्याला प्रिपोझिशनची उदाहरणं सांगायला उभं करतो.

रहिमतबी माझी बायको. माहेर वाईचं. तिच्या वडिलांचं घाटाजवळ बांगड्यांचं दुकान होतं आणि देवाला आलेल्या बायकांच्या हातात बांगड्या भरता भरता त्यांना बोलतं ठेवायचं, हे तिथलं शिक्षण. ते तिनं पुरेपूर घेतलं होतं. आमच्या घरात पूर्वी दखनी बोलत. ही लग्न होऊन आली, येताना वाईची मराठी घेऊन आली आणि आमची दखनी मागच्या दारानं निघून गेली. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे, मी धरून.

तर त्या सकाळी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "आवं, त्ये द्या की."

"काय देऊ?"

"त्ये. त्ये न्हाई का, घालत्यात त्यात, त्ये."

म्हटलं, आज कोडी घालायचं ठरवलंय वाटतं. तेवढ्यात आमची सून झोया आत गेली आणि तिथनंच ओरडली, "अब्बा, अम्मींचा हात बघा!" रहिमतबीच्या उजव्या हातातली पळी खाली पडली होती. ती डाव्या हातानं उचलायला वाकत होती, आणि बोलत होती, सारखी बोलत होती. त्या बोलण्यात एकही वस्तू नव्हती.

यासीननं, म्हणजे आमच्या मुलानं, गाडी काढली आणि आम्ही तिला सांगलीला दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. ती वेळेत विरघळली. हातात थोडा अशक्तपणा राहिला, चालायला काठी आली. बोलण्याचं काय, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "शब्द सापडायला त्रास होईल. हळूहळू बघू." त्यांनी नुसतं 'शब्द' म्हटलं. माझ्यासारख्याचं एवढ्यानं समाधान होत नाही. मी तिच्या कॉटशेजारी बसून ऐकत राहिलो आणि माझ्या ध्यानात आलं. क्रियापदं सगळी जागेवर होती. बसा, उठा, आना, ठिवा, बोंबलू नका. सर्वनामं तर उतू जात होती. ह्ये, त्ये, ती, तुमी, आमी. इंटरजेक्शन एकही कमी झालं नव्हतं. नर्सनं सुई टोचली की 'या अल्ला' आणि पाठोपाठ 'आगं बया' दोन्ही स्वच्छ ऐकू यायचं. नमाजातलं पाठांतर न अडखळता यायचं. पण मीठ नव्हतं, पळी नव्हती, चादर नव्हती, आष्टा नव्हतं. आठ जातींमधली एक जात घर रिकामं करून गेली होती.

घरी आणल्यावर आमचा दिवस ओळखण्यात जाऊ लागला. "त्ये आना, निजताना खाली घेत्यात त्ये." उशी. "त्ये लावा की, फिरतंय त्ये." पंखा. हे सोपे. पण "ती आली व्हती, तिनं त्याला त्ये दिलं, आन त्यो गेला," यात कोण आलं, कुणाला काय दिलं आणि कोण गेलं हे शोधायला मी, झोया आणि यासीन असे तिघं मिळून बसायचो, आणि आम्हाला कळत नाही म्हणून ती आमच्यावरच चिडायची. चिडायला तिला नाम लागत नव्हतं.

सांगलीत अशा माणसांना पुन्हा बोलायला शिकवणारी एक मुलगी आहे असं डॉक्टरांनीच सांगितलं. तिचं नाव प्रियदर्शनी. मूळची आमच्याच वाळवा तालुक्यातली, घरचा ऊस, पण वडील फौजेत. त्यामुळे तिची शाळा कधी अंबाल्याला, कधी झाशीला, आणि बोलणं अगदी पुस्तकातलं. आम्ही एसटीनं सांगलीला जायचो, स्टँडवरनं रिक्षा. हळदीचा हंगाम होता. मार्केट यार्डाच्या बाजूनं रिक्षा गेली की वास थेट डोक्यात जायचा. रहिमतबी नाक वर करून हुंगायची आणि माझं मनगट धरून म्हणायची, "त्ये! त्ये!" वास ओळखीचा होता, नाव सापडत नव्हतं. मी म्हणायचो, "हळद." ती मान डोलवायची आणि पुढच्या कोपऱ्यावर ते पुन्हा हरवायची.

प्रियदर्शनीकडे चित्रांचे पत्ते होते. चमचा, गाय, छत्री, खाट. एकेक दाखवायची आणि थांबायची. तिला थांबता येत होतं, हे मी मास्तर म्हणून कबूल करतो; आमच्या धंद्यातल्या माणसाला ते जमत नाही. एके दिवशी तिनं घरच्या माणसांचे फोटो आणायला सांगितले. पहिला यासीनचा. रहिमतबीनं तो हातात धरला, कपाळाला आठ्या घातल्या आणि बराच वेळ झटापट करून म्हणाली, "यासी... यासीन." मग झोया. ती लवकर आली. मग माझा, निरोप समारंभातला, हार घातलेला. रहिमतबीनं तो बघितला. ओठ हललेच नाहीत. फोटो टेबलावर पालथा घातला आणि ती खिडकीबाहेर बघत बसली.

प्रियदर्शनीनं समोरच्या कागदावर काही लिहिलं. समोरचा काय लिहितो ते उलटं वाचायची मास्तरला सवय असते. 'पतीचं नाव येत नाही,' असं होतं.

मला राग आला. "अहो बाई, येत नाही काय? ती माझं नाव घेतच नाही. लग्न झाल्यापासून कधीच घेतलं नाही. या बाजूला बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हिंदू असो की मुसलमान. 'यासीनचे अब्बा', नाहीतर 'आवं'. संपलं."

"खरंच?" तिनं पेन खाली ठेवलं. "माझी आई पप्पांना जोतीराम म्हणते. चिडली की जोत्या."

"छावणीत म्हणत असतील. गावी आल्यावर आजीसमोर काय म्हणतात ते विचारा."

ती हसली. मग हसता हसता थांबली आणि पालथ्या फोटोकडे बघत म्हणाली, "मग माझी पंचाईत झाली, सर. बाकीचे शब्द आहेत की नाहीत ते मी तपासू शकते. हे नाव गेलंय की त्यांनी ठेवून घेतलंय, ते मला कळायला मार्ग नाही. न बोलणं दोन्हीकडे सारखंच दिसतं."

तिचं काही चुकलं नव्हतं. तिनं ते सहज म्हटलं आणि पुढचं चित्र काढलं. पण परत येताना एसटीत माझ्या डोक्यात दुसरं काही शिरेना. शेजारी माझी बायको बसली होती, माझ्या खांद्यावर डोकं टाकून. या खांद्याला काय म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं, ते एक वेळ चाललं असतं. पण खांदा कुणाचा आहे हे तरी तिला ठाऊक होतं का? मला भीती वाटत होती. आयुष्यभर ती नाव घेत नाही याचं मला कधी काही वाटलं नाही, उलट मनातून थोडी फुशारकीच होती. आता त्याच रिवाजानं माझी अडचण केली होती. नाव घेणाऱ्या बायकोचा नवरा असता तर तिला विचारून मोकळा झाला असता.

तुम्ही म्हणाल, ती तुम्हाला 'आवं' म्हणून हाक मारत होती ना? मारत होती. दूधवाल्यालाही 'आवं', कंपाउंडरलाही 'आवं', गल्लीतल्या पोरालाही 'आवं'. एकदा वीज गेली तेव्हा बंद पडलेल्या टीव्हीलासुद्धा 'आवं' म्हणाली. पूर्वी त्या हाकेत मी एकटा राहत होतो. आता तिथं सगळ्या गावाची ये-जा सुरू झाली होती.

आणखी एक गोष्ट मला टोचत होती. झोया आजकालची मुलगी, ती नवऱ्याला सरळ 'यासीन, जेवायला ये' अशी हाक मारते. दुखण्याआधी रहिमतबी तिला दर वेळी टोकायची. "काय गं, नाव घेतीस? लाज हाय का न्हाई?" झोया हसून सोडून द्यायची, पण टोकणं चुकलं नव्हतं. आता झोयानं कितीही वेळा यासीनचं नाव घेतलं तरी रहिमतबी शांत बसून राहायची. म्हणजे रीतच विसरली होती का? मग माझ्या फोटोपुढं जी गप्प बसली, ती रीत म्हणून बसली असं मी कशावरून धरून चालायचं?

शिकवणी मी बंद ठेवली होती. मुलांचे पालक येऊन विचारायला लागले आणि झोयाही म्हणाली, "अब्बा, सुरू करा. तुमी दिवसभर अम्मींच्या तोंडाकडं बघत बसता, त्यांनाबी कंटाळा येतो." म्हणून एका संध्याकाळी मुलांना बोलावलं. बऱ्याच दिवसांचा खंड, म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली. माझी जुनी पद्धत, आधी सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, मग समजून घ्यायचं. नव्या पद्धतीचे लोक याला नावं ठेवतात. ठेवू देत.

"अ नाऊन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग!" मुलं ओरडली. "बॉय, सिटी, टेबल, मँगो!"

आणि आतल्या खोलीतून आवाज आला. "अ नाऊन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग. बॉय, सिटी, टेबल, मँगो."

मुलं गप्प झाली. झोया पिठाच्या हातानं धावत बाहेर आली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी आत गेलो. रहिमतबी पलंगावर बसून लसूण सोलत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं? म्हना की फुडं." ती इतकी वर्षं भिंतीपलीकडे स्वयंपाक करत होती आणि भिंतीअलीकडे आठवीच्या एकामागून एक तुकड्या ओरडत होत्या. सगळं तिच्या कानावरून जाऊन कुठंतरी साठलं होतं. माझ्या बायकोला नामाची व्याख्या येत होती, तीही इंग्रजीत, उदाहरणांसह. मी घाईघाईनं तिच्या हातातली लसणाची पाकळी उचलली. "हे काय?"

तिनं पाकळीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "त्ये. सोलत्यात... त्ये."

मी पाकळी खाली ठेवली. त्या दिवशी हसावं की रडावं ते मला कळेना, म्हणून मी बाहेर जाऊन मुलांना सुट्टी दिली.

प्रियदर्शनीला सांगितलं तेव्हा तिचे डोळे चमकले. ती म्हणाली, "त्यांना ते आठवत नाही, सर, ते आपोआप येतं. प्रार्थना, पाढे, घोकलेलं. त्याचा रस्ताच वेगळा. एकदा सुरू झालं की उलट थांबवणंच अवघड. आपण त्याचाच उपयोग करू." उपयोग असा, की ओळखीच्या चालीवर वाक्य सुरू करायचं आणि शेवटचा शब्द तिच्यासाठी सोडायचा. शब्द विचारायचा नाही, फक्त त्याची जागा रिकामी ठेवायची.

हे काम मला जमण्यासारखं होतं. रिकाम्या जागा भरा, हा प्रश्न मी जन्मभर काढत आलोय. मी शिकवणीच्या चालीवर आमच्या घरातली वाक्यं रचली. "चहा पितात कपातून, पाणी पितात..." आणि थांबायचो. ती डोळे मिटून डोलायची. "तांब्यातनं!" पहिल्यांदा असा शब्द आला तेव्हा तीच दचकली. मग सुईत ओवतात दोरा, भाकरीला लागतं पीठ. भाजीत घालतात म्हटल्यावर एका दुपारी ती 'मीठ' म्हणाली आणि झोया चुलीपुढं बसून मिठासाठी रडली. चुकाही व्हायच्या. कितीतरी दिवस आमच्या घरात उशीला भाकरी म्हणत होते आणि आम्हीही म्हणायला लागलो होतो. पण नामं येत होती. मार्केट यार्डाजवळ एकदा रिक्षात ती आपणहून 'हळद' म्हणाली, तेव्हा रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, "उतरायचं हाय का मावशी?"

घर भरत चाललं होतं. यासीन खूश होता, झोया खूश होती, प्रियदर्शनी तर मला आणि रहिमतबीला बघायला इतर पेशंटच्या नातेवाइकांना बोलवायची. मीच एकटा चोरासारखा अजून एक वाक्य घेऊन फिरत होतो. ते मी कुणी नसताना म्हणायचो. "यासीनच्या आईचं नाव रहिमतबी, यासीनच्या बापाचं नाव..." ती डोलायची थांबायची आणि तोंड घट्ट मिटून घ्यायची. दर वेळी. आणि मला दर वेळी प्रियदर्शनीचं ते वाक्य आठवायचं.

एकदा माझा संयम सुटला. मुळात तो माझ्याकडे कधीच फार नव्हता. मी म्हणालो, "घे की एकदा! कुणी नाही घरात. मला कळू दे तरी, तुला माहीत आहे का नाही!" आवाज चढला होता. रहिमतबी घाबरली. तिचे डोळे भरले, डावा हात तोंडापुढं धरला आणि म्हणाली, "न्हाई येत. न्हाई येत मला."

मी तिथंच भुईवर बसलो. संध्याकाळी झोयाला सांगितलं तर ती म्हणाली, "अब्बा, 'न्हाई येत' म्हणजे तोंडावर येत न्हाई असंबी असेल. मला तर माझ्या अम्मीकडनं अब्बांचं नाव कवा ऐकायला मिळालं न्हाई. तुमी कशाला मागं लागलाय?" तिचं म्हणणं मला पटलं. पण पटणं वेगळं आणि मनातली धाकधूक जाणं वेगळं.

शिकवणीत तोवर कॉमन नाऊन संपलं होतं. त्याच्यापुढं प्रॉपर नाऊन, व्यक्तीचं, गावाचं, नदीचं खास नाव. ते मी मुद्दाम लांबवत होतो. सर्वनाम आधी घेतलं, मग क्रियापद, मुलं गोंधळली. लांबवायला कारण होतं. मी नोकरीला लागलो त्या वर्षी वर्गात विचारलं होतं, एक माणूस, एक गाव, एक नदी, उदाहरणं द्या. मागच्या बाकावरनं लालासाहेब नावाचा एक टग्या उठला आणि म्हणाला, "इमाम, आष्टा, कृष्णा." वर्ग हसला. मी त्याला मारायला छडी उचलली आणि ध्यानात आलं की उत्तर बरोबर आहे. तेव्हापासून तेच उदाहरण झालं. आज आष्ट्यात कुठल्याही दुकानदाराला प्रॉपर नाऊन म्हटलं की तो हेच तीन शब्द म्हणतो.

ते भिंतीपलीकडे जाणार होतं. समजा घोकंपट्टीच्या ओघात माझं नाव तिच्या तोंडून टेबल-मँगोसारखं घरंगळत आलं, तर? तर नाव आहे, पण ते कुणाचं आहे याचा तिला पत्ता नाही. आणि नाहीच आलं, तर ते गेलं. दोन्हीकडून मीच नापास.

पण सहामाही जवळ आली. मुलांचं नुकसान करायचा मला अधिकार नव्हता. एका संध्याकाळी फळ्यावर तीन शब्द लिहिले आणि म्हटलं, "म्हणा."

"प्रॉपर नाऊन! इमाम, आष्टा, कृष्णा!"

मी कान आत लावला. दोन वेळा आतून काही आलं नाही. तिसऱ्या वेळी चाल तिच्या अंगात शिरली.

"प्रॉपर नाऊन," रहिमतबी म्हणाली. मग काहीच नाही. मग, "आष्टा, कृष्णा."

मी मुलांना पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तसंच. प्रॉपर नाऊन, मग एका शब्दापुरती जागा, मग आष्टा, कृष्णा. चाल कुठं मोडत नव्हती. ती अडखळत नव्हती, शोधत नव्हती. प्रियदर्शनी म्हणाली होती की घोकलेलं एकदा सुरू झालं की थांबवणं अवघड असतं. मग हे थांबत होतं कसं? पण मी मास्तर आहे, एवढ्यावर मार्क देणारा नाही. तिथं नुसतं भोकही असू शकतं.

तेवढ्यात दूधवाला नाथाजी किटली घेऊन दारात उभा राहिला. मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी फळ्यावरचं माझं नाव पुसलं आणि मोठ्यानं म्हणालो, "पोरांनो, यंदा उदाहरण बदलायचं. म्हणा, नाथाजी, आष्टा, कृष्णा!"

"आयला, सर, आमी इंग्रजीत गेलो व्हय!" नाथाजी खूश झाला. मुलांना तर चेवच आला. भिंती हादरेपर्यंत ओरडली. "प्रॉपर नाऊन! नाथाजी, आष्टा, कृष्णा!"

आतून आवाज आला नाही. मुलं पुन्हा ओरडली. तरी नाही. मग काठी फरशीवर आपटत यायला लागली. मधल्या दाराचा पडदा बाजूला झाला आणि रहिमतबी चौकटीत उभी राहिली. एवढ्या वर्षांत शिकवणी चालू असताना ती कधी या खोलीत आली नव्हती. चेहऱ्यावर तो राग होता, जो वाईहून आला होता आणि ज्यापुढं माझं कधी चाललं नव्हतं.

"न्हाई," ती म्हणाली. "नाथाजी न्हाई."

नाथाजीनं किटली हळूच खाली ठेवली.

"का नाही?" मी विचारलं. "माणसाचंच नाव आहे की. मग तिथं कोण पाहिजे?"

तिनं मुलांकडे बघितलं. काठी चौकटीला टेकवली, मोकळ्या हातानं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तिथं तुमी. पयल्यापासनं तिथं तुमीच हाय. पोरास्नी कायबी शिकवू नगा."

मग नाथाजीकडे वळून म्हणाली, "आन तू रं, दूध घाल आन जा." त्याला 'आवं' म्हणाली नाही. काठी उचलली आणि आत गेली.

मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो, कारण मला रडू येत होतं आणि समोर आठवीचा वर्ग होता. खडू हातात धरून ठेवला, लिहायला जमेना. शेवटी एका मुलीनं विचारलं, "सर, मग आता काय म्हणायचं?"

"पहिलं होतं तेच," मी म्हणालो. "जोरात म्हणा."

मुलं माझं नाव घेऊन ओरडली. आत रहिमतबी तेवढ्यापुरती गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला आयुष्यात इतकं गोड कधी लागलं नव्हतं.